म्यालीच्या सागवानाची गिटार

मागच्या वर्षी मे महिन्यात दुपारी तीनला गिटार हातात घेतली आणि तिच्या मानेवरून, म्हणजे लांब दांड्यावरून, खाली हात सरकवताना बोट कापलं. बघितलं तर सगळ्या फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं लाकडाच्या बाहेर आली होती, करवतीचे दात असतात तशी. ऑनलाइन मागवलेली गिटार, मेपलची मान, वर एबनीची पट्टी, विकणाऱ्याने एक्झॉटिक वूड म्हणून भरपूर कौतुक लिहिलं होतं आणि मी दोन सीझनच्या कापसातून बाजूला काढलेले पैसे तिच्यात घातले होते. त्याच आठवड्यात एबनीला तडा पण गेला.

तेव्हापासून मी याच विषयाच्या मागे लागलो. कारण तसं सोपं आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही पण रुंदीत ते आकसतं. फ्रेट धातूचे, ते आकसत नाहीत, म्हणून बाहेर डोकावतात. आता आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात मे मधली दुपार म्हणजे पारा ४५ च्या आसपास आणि हवेत ओल नावालाच, आणि ऑगस्टमध्ये काडीपेटी ओढली तर पेटत नाही इतकी सर्द. त्यात कूलर! कूलर सुरू असला की खोली दमट, लाइन गेली की तासाभरात कोरडीठाक, म्हणजे लाकडाला एकाच दिवसात दोनदा ऋतू बदलल्यासारखं होतं. वर्षभर सारख्या हवेत ठेवायच्या हिशोबाने बनवलेली गिटार आपल्याकडे अशी वागते यात तिचा दोष नाही, पण मग आपल्या हवेची गिटार कोणीतरी बनवायला पाहिजे ना.

दिवाळीनंतर आमचं जुनं घर पाडलं. आबांनी बांधलं तेव्हा बाबा पाळण्यात होते, म्हणजे सत्तरेक वर्षं तरी झाली. मधल्या खोलीची म्याल, म्हणजे छताची तुळई, खाली उतरवली, अख्खी सागवानाची, धुराने काळी पडलेली. आमचे वाढईकाका, ज्यांनी गावातल्या अर्ध्या बंड्यांची चाकं बसवली, त्यांनी वाकस मारून एक ढलपी काढली, आत सोन्यासारखा रंग. म्हणाले, "कायले बाहेरचं लाकूड आनतं राजा, ज्याले वाकाचं होतं थे वाकून चुकलं. हे आता कुठी जात नाही."

मला लगेच क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे आठवला. त्याने १९६३ मध्ये वडिलांसोबत घरीच गिटार बनवायला घेतली, मान काढली जुन्या शेकोटीवरच्या महोगनीतून, किड्यांनी पाडलेली भोकं आगकाडीच्या काड्यांनी बुजवली आणि तीच गिटार पुढे आयुष्यभर स्टेजवर वाजवली. त्याची शेकोटी, आमची म्याल.

फिंगरबोर्डला, म्हणजे मानेवरच्या फ्रेट बसवायच्या पट्टीला, शिसम हवं होतं, ते आजीच्या मोडक्या पलंगाच्या पाटीतून निघालं. गंमत बघा, जगभरचे गिटारवाले ज्याला इंडियन रोझवूड म्हणतात ते हेच आपलं शिसम. २०१७ मध्ये साइट्स करारात, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात, त्याच्या सगळ्या भाईबंदांवर निर्बंध आले तेव्हा गिटार कंपन्यांची धावपळ झाली, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. आणि आमच्याकडे ते पलंग होऊन गोठ्यात पडलेलं होतं.

सागवानावर काम करणं सोपं नाही हे मात्र सांगतो. एक तर त्यात सिलिका असते, रंध्याचं पातं अर्ध्या तासात बोथट होतं. दुसरं खिळे, जुन्या म्यालीत कुठे कुठे ठोकलेले असतात देव जाणे, फुटक्या स्पीकरचं मॅग्नेट फिरवून फिरवून अकरा काढले, भोकं शिसमचा भुसा आणि अराल्डाइटने भरली. तिसरं आणि महत्त्वाचं, सागवान तेलकट, त्यामुळे नुसतं डिंक लावून चिकटवलं तर पुढे सुटू शकतं. अ‍ॅसिटोनने पुसायचं आणि लगेच, वाट न बघता, इपॉक्सी लावून शिकंजात आवळायचं. आणि मास्क घाला, त्याचा भुसा नाकातोंडात गेला की खाज सुटते.

मान एका तुकड्याची ठेवली नाही. सागवान, मधे शिसमची पट्टी, परत सागवान, आणि एका बाजूचा तुकडा उलटा फिरवून लावला म्हणजे एक जिकडे ओढेल त्याच्या विरुद्ध दुसरा. रेषा उभ्या येतील असंच कापलं कारण उभ्या रेषांचं लाकूड रुंदीत कमी आकसतं. हे सगळं कशासाठी, तर सहा तारांचा मिळून ताण ४५-४७ किलो, जवळपास सोयाबीनचा एक कट्टा त्या मानेला चोवीस तास लटकलेला समजा. आत स्टीलचा ट्रस रॉड आहे तो याच ओढीच्या उलट जोर लावतो.

फ्रेटच्या जागा काढताना मला सगळ्यात जास्त मजा आली. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, घेतला ६४८ मिमी. त्याला १७.८१७ ने भागलं की पहिला फ्रेट ३६.३७ वर, मग उरलेल्या लांबीला परत १७.८१७, असं करत जायचं. काकांना आकडे पटेनात. म्हणाले, "बारावा कुठी येते सांग." मी म्हटलं ३२४ वर. त्यांनी नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तार जिथे टेकते त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, दोरा ताणला, दुमडला, अर्ध्यावर खूण केली, बरोब्बर बाराव्या रेषेवर. मग करवत हातात घेतली आणि बावीसच्या बावीस खाचा त्यांनीच पाडल्या, ०.६ मिमीच्या पातळ करवतीने, माझा हात थरथरला असता.

बॉडी भरीव ठेवली असती तर तिचंच वजन तीन किलोच्या आसपास गेलं असतं म्हणून आतून दोन कप्पे कोरले. राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं मशीन, चालवायचा तर लाइन पाहिजे आणि आमच्याकडे दिवसा लाइनचा भरवसा नाही, बरंच काम रात्री अकरानंतर झालं, आई दोनदा येऊन ओरडून गेली. फिनिशला घाण्यावरचं जवसाचं तेल, एकदम पातळ हात, प्रत्येक हात सुकायला आठवडा-दीड आठवडा. एक गोष्ट प्लीज लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा आणि बाहेर मोकळ्या पसरून वाळवा.

फेब्रुवारीत तारा चढवल्या. आवाजाबद्दल सांगायचं तर पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), तारा आणि अ‍ॅम्पचा वाटा मोठा, लाकडाने जादू होते असं मी म्हणणार नाही, पण छातीला टेकवून ई तार मोकळी सोडली की बॉडी जी थरथरते ती मला जुन्या गिटारमध्ये कधी जाणवली नव्हती.

माझं सगळं लक्ष मे महिन्याकडेच होतं. २० तारखेला भर दुपारी, लाइन गेलेली, कूलर बंद, मी मानेच्या दोन्ही बाजूंनी नख फिरवलं. बावीस फ्रेट, एकही अडकला नाही. परत फिरवलं. मग काकांच्या घरी घेऊन गेलो, त्यांनी चष्मा लावून अंगठा फिरवला आणि काही न बोलता चहा सांगितला. जुलैच्या झडीत मान थोडी पुढे आली, ट्रस रॉडला पाव आटा दिला, बस्स तेवढंच.

म्यालीचा सव्वातीन फुटाचा तुकडा अजून उरलाय. बेस गिटारला ३४ इंचाचा स्केल लागतो. काल मोजून पाहिलं, डोकं वेगळं जोडलं तर मान आरामात निघते. काकांनी खडूने रेघ मारून ठेवलीय.