डब्याची रात्र

नौपाड्यातल्या माझ्या पोळीभाजी केंद्राच्या पाटीवर लिहिलंय, ‘सर्व पदार्थ आमच्या हातचे’. पाटीला तेरा वर्षं झाली, अक्षरं दोनदा रंगवून घेतली. पहाटे साडेपाचला शटर वर करायला जावं तर पायरीशी भाजीच्या गोणी टेकवलेल्या असतात. कुठून येतात? वाशी मार्केटातून. (मार्केट खरं तर तुर्भ्यात आहे, पण ठाण्यात तसं कुणी म्हणत नाही.) आणणारे टेम्पोवाले दादा म्हणजे माझ्या लेखी फोनवरचा एक आवाज, आणि त्या आवाजाशी बोलणं कमी, कुरकुर जास्त. मागच्या महिन्यात मालाच्या चिठ्ठीवरून मी जरा जास्तच बोलले. भाजीचा भाव वेगळा, त्याखाली हमाली, तोलाई म्हणजे वजन करण्याचे पैसे. “हे काय आणखी?” दादा म्हणाले, “ताई, एकदा बसा गाडीत. दीडला निघतो.”

नवरा म्हणाला, झोप झाली नाही की तू दिवसभर आमच्यावर ओरडणार. तरी गेले.

कोर्टनाका, कळवा पूल, विटावा. एरवी ज्या रस्त्याला तासभर जातो तो रात्री दहा मिनिटांत संपला. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जाताना दादांनी गाडी हळू केली. “पावसात इथं पाणी तुंबतं. तुम्ही ‘कुठं राहिलात’ म्हणून फोन करता ना, तेव्हा मी इथंच असतो.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऐरोली, रबाळे, घणसोली. काचेच्या इमारतींतले दिवे चालू होते आणि फाटकाशी रखवालदार खुर्ची टाकून बसले होते.

मार्केटात शिरताना आधी वास येतो. ओलं बारदान, मेथी, डिझेल. मग आवाज, “ए बाजू, बाजू!” माझ्या कानाजवळून कोबीची गोणी गेली, खाली माणूस आहे हे ती पुढं गेल्यावर कळलं. नाशिक, पुणे, साताऱ्याकडच्या गाड्या ओळीनं लागलेल्या. एकाच वेळी कुणी गाडीवरून गोणी खाली देतोय, कुणी पाठीवर घेतोय, मापाडी काट्यापाशी आकडा ओरडतोय आणि तिसराच कुणीतरी तो लिहून घेतोय. मी मध्येच उभी, सगळ्यांच्या वाटेत. दादांनी दंडाला धरून खांबाशी नेऊन उभं केलं, “इथून हलू नका.”

तीनच्या सुमारास चहाच्या टपरीवर हमालांच्या एका टोळीशेजारी बसायला मिळालं. पन्नाशीतले एक माथाडी काका जावळी खोऱ्यातले. वडील मशीद बंदरला ओझी वाहायचे, तेव्हा कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतच होता. तो नवी मुंबईत आला तसं कुटुंबही खाडीच्या या बाजूला आलं. भाजी आणि फळं बरीच नंतर, १९९६ मध्ये आली. “वडलांच्या वेळी गोणीचं वजन कुणी विचारत नव्हतं. आता आम्ही सांगतो, पन्नास किलोच्या वर नको.” मी चिठ्ठीचं काढलं. ते हसले. हमाली हातात न देता माथाडी मंडळात भरायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम द्यायची आणि त्या लेव्हीतून फंड, बोनस, सुट्टीचा पगार, अशी ती रीत. आण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र आणलं आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला, त्यातून हे आलं. आण्णासाहेबांचं नाव घेताना काकांनी कप खाली ठेवला होता.

“तुमचं काय असतं?” त्यांनी विचारलं.

“पोळीभाजी. रोज दीडशे डबे.”

“पोळ्या?”

“दोघी येतात लाटायला.”

“निवडणं, चिरणं?”

“त्याच.”

“डबे पोचवायला?”

“एक मुलगा आहे, सायकलवर.”

“मग तुम्ही काय करता?”

“फोडणी,” मी म्हटलं. अख्खी टोळी हसली. मीही हसले, पण चहा जरा घशात अडकला.

दादांना पुढं आणखी चार ठिकाणी माल टाकायचा होता. त्यांनी मला तुर्भे स्टेशनच्या रस्त्याला सोडलं आणि गेले. तेव्हा कुठं विचारायचं सुचलं, की आमच्याकडं तीन पायऱ्या चढून गोणी कोण ठेवतं? ठरलं होतं ते फक्त रस्त्यावर उतरवून द्यायचं. म्हणजे तेच ठेवत असणार. गाडी वळून गेली होती.

सकाळच्या लोकलला बसायला जागा मिळाली, ही प्रवासातली एकमेव चैन. घणसोलीच्या अलीकडं रुळांलगत गँगमन खांद्यावर अवजारं घेऊन एका ओळीत निघाले होते. गाडी जवळ येताच सगळे बाजूला उभे राहिले. शाळेत बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, इंजिनं तीन, साहिब, सिंध आणि सुलतान. खडी टाकणाऱ्यांबद्दल बाई काही बोलल्याचं आठवत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरून, पूल चढून, चालत केंद्रावर पोचेपर्यंत पावणेसात. शटर वर होतं, दुसरी किल्ली मावशींकडं असते. गोणी आत गेल्या होत्या, मेथी निवडून धुऊन निथळत होती, पहिल्या शंभर पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या. कढई गॅसवर, तेल बाजूला काढलेलं. मावशींनी लाटण्यावरून नजर न उचलता म्हटलं,

“आलात? या. फोडणी तेवढी राहिलीय.”