फक्त दुपारच्या झोपेतून न उठणारा कॉम्प्युटर

"दिवसभर काही नाही बघा दादा, जेवून आलं की मरतो." कराडच्या एका छापखान्यात डीटीपी करणाऱ्या ताईंची ही तक्रार. लगीनसराई तोंडावर, पत्रिकांची कामं साचलेली, आणि रोज दुपारी तोच प्रकार. माउस हलवला की पंखा फिरतो, कॅबिनेटचा लाइट लागतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. मग पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात.

माझ्याआधी एकाने फॉरमॅट मारला होता, दुसऱ्याने रॅम बदलली होती. उठसूट फॉरमॅट मारण्याचा मला मनापासून राग आहे. डीटीपीवाल्यांच्या मशीनवर वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट असतात, कोरलड्रॉची सेटिंग हाताला बसलेली असते, जुन्या फायली त्याच फॉन्टवर उघडतात. ते सगळं पुसायचं, तर आधी दोष विंडोजमध्येच आहे हे कळायला नको का?

ते कळायला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, पुरतो. मशीन झोपायला निघालं की त्यात कर्नल-पॉवरची ४२ नंबरची नोंद पडते. नीट उठलं की पॉवर-ट्रबलशूटरची १ नंबरची. इथे चहाच्या वेळच्या ४२ पुढे १ व्यवस्थित होती. जेवणाच्या वेळच्या ४२ पुढे मात्र १ नाहीच, एकदम ४१, म्हणजे मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालेलं. एकच मशीन, एकच विंडोज, तेच ड्रायव्हर, मग सकाळी उठतं आणि दुपारी नाही, असं का?

मशीन दुकानात आणलं. संध्याकाळभर झोपवलं, उठवलं. एकदाही अडलं नाही. रॅमची टेस्ट लावली, तीही स्वच्छ. अशा वेळी बरेच जण 'आमच्याकडे चालतंय' म्हणून मशीन परत पाठवतात. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. मशीन जिथे मरतं, तिथे जाऊन बसावं लागतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला मी छापखान्यातच होतो.

ताई उठल्या, डबा काढला आणि जाता जाता मोबाइलची केबल कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीत खोचली. थोड्या वेळाने मशीन आपोआप झोपलं. त्या हात धुऊन आल्या, मोबाइल काढून घेतला, माउस हलवला. काळी स्क्रीन. मी कॅप्स लॉक दाबून पाहिलं, कीबोर्डवरचा दिवा हलेना. हा दिवा लागत-विझत असता, तर मशीन जागं आहे आणि अडचण मॉनिटरची, केबलची किंवा डिस्प्ले ड्रायव्हरची आहे असं धरलं असतं. इथे विंडोजपर्यंत गाडी पोचलीच नव्हती.

"ताई, चहाला जाता तेव्हा मोबाइल लावता का?"

"नाही ओ, तेव्हा सोबतच असतो. चार्जिंगला दुपारीच लावते."

झोपेत कॉम्प्युटरच्या आत काय होतं ते इथे सांगायला हवं. एस-३ नावाच्या झोपेत एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, जवळपास सगळा बंद होतो. १२ व्होल्ट बंद, ३.३ बंद, नेहमीचे ५ व्होल्टही बंद. जागी राहते ती एकच लाइन, ५ व्होल्ट स्टँडबाय, २४ पिनच्या कनेक्टरमधली जांभळी वायर. उघडी असलेली पत्रिका, तिचा मजकूर, सगळं रॅममध्ये असतं, आणि रॅमला ते टिकवायला दर ६४ मिलिसेकंदांच्या आत रिफ्रेश लागतो. त्याची वीज झोपेत याच लाइनवरून येते. कीबोर्ड, माउस आणि या बोर्डावर यूएसबीची वीजही तिथूनच. काम चालू असताना तोच मोबाइल नेहमीच्या ५ व्होल्टवर चार्ज होतो, तेव्हा काही बिघडत नाही. मशीन झोपलं की त्याचा भार एकट्या स्टँडबायवर येतो.

मीटर काढला. मशीन पुन्हा झोपवून काळी प्रोब जमिनीला, लाल जांभळ्या वायरला मागून टेकवली. ४.८ व्होल्ट. एटीएक्सच्या नियमानुसार ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं, म्हणजे काठावर. मोबाइल लावला. आकडा ४.३ च्याही खाली घसरला आणि स्थिर राहीना. मीटर सरासरी दाखवतो, आतली चढउतार त्याहून वाईट असणार. तेवढ्यात रॅममधला मजकूर बिघडतो. बोर्डाला वाटतं आपण झोपेतून उठतोय, म्हणून तो रॅममधल्या जुन्या जागेवरून काम पुढे चालवायला जातो, तिथे कचरा सापडतो आणि सगळं अडकतं.

एसएमपीएस काढून खोलला (मेन पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असू शकतो, हौस म्हणून कुणी खोलू नये). स्टँडबायच्या भागातल्या दोन कपॅसिटरची टोपणं फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकटा. हा भाग लवकर जातो याला कारण आहे. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीवरचं बटण चालू असलं की तो रात्रंदिवस राबतच असतो, आणि छापखान्यात ते बटण कुणी बंद करत नव्हतं.

कपॅसिटर बदलून भागलं असतं, पण स्वस्तातल्या जुन्या एसएमपीएसवर लगीनसराई काढायची माझी तयारी नव्हती. नवा बसवला. मोबाइल लावून, मशीन झोपवून मोजलं तर ५.०४, आकडा जागचा हलला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. एसएसडीवर जागा व्हावी म्हणून फॉरमॅटनंतर कुणीतरी हायबरनेशन (रॅममधलं काम डिस्कवर लिहून ठेवायची सोय) बंद केलेलं. ते चालू असतं तर हायब्रिड स्लीपमध्ये रॅमची प्रत डिस्कवरही लिहिली जाते, आणि झोपेत लाइट गेली तरी त्या प्रतीवरून काम परत मिळतं. आपल्याकडे लाइट कुणाला सांगून जात नाही. दोन्ही चालू केलं. मोबाइलसाठी भिंतीवरचा चार्जर वापरा म्हणून ताईंना सांगितलं, त्यांनी लगेच केबल काढून दिली.

आधी काढलेली रॅम ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळून ठेवली होती. टेस्टला लावली, एकही चूक नाही. बोर्डावर दुसरा स्लॉट रिकामा होता, तिथे ती बसवून दिली. आता मोठी कोरल फाइलही झटकन उघडते.