मनगटावरचे इलेक्ट्रोड

अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांपेक्षा मला ओकाऱ्यांनीच अधिक छळले होते. प्रत्येक उमाळ्यासरशी पोटावर उशी दाबून धरावी लागे. त्यामुळे यंदा दुर्बिणीतून पित्ताशय काढायचे ठरले, तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंना मी सर्वांत आधी तेच सांगितले. त्यांनी, “घाटात गाडी लागते का?” असे विचारले, तेव्हा प्रश्न अवांतर वाटला. परंतु स्त्री असणे, धूम्रपान न करणे, गाडी लागणे किंवा पूर्वी भुलीनंतर ओकाऱ्या झालेल्या असणे आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामक लागणे, या चार गोष्टींवरून हा धोका ठरवतात आणि चारही जुळल्यास तो सुमारे ८० टक्के असतो. माझ्या चारही जुळत होत्या.

पूर्ण भुलीत स्नायू शिथिल करणारे औषध देतात आणि त्याचा अंमल पाहण्यासाठी मनगटाजवळच्या नर्व्हला (चेतातंतूला) विजेचे बारीक झटके देऊन अंगठा किती हलतो ते मोजतात. चार झटक्यांपैकी चौथ्याचा प्रतिसाद पहिल्याच्या किमान ९० टक्के झाला, की औषधाचा अंमल पुरेसा उतरला असे मानतात. झटके देणाऱ्या, त्वचेवर चिकटवायच्या चकत्या म्हणजे इलेक्ट्रोड एरवी करंगळीच्या बाजूच्या अल्नार नर्व्हवर असतात. माझ्यासाठी मात्र ते मधल्या मीडियन नर्व्हवर लावायचे ठरले, कारण मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मध्ये, ॲक्युपंक्चरमधला ‘पी-६’ बिंदू येतो आणि तो उत्तेजित केल्याने मळमळ कमी होते, असे चाचण्यांत दिसले आहे. ॲक्युपंक्चरचे नाव ऐकून मी साशंक झाले. ओन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन ही मळमळ रोखणारी औषधे देणारच आहोत, हे केवळ जोडीला, असे त्यांनी सांगितल्यावर मी होकार दिला. पेसमेकर नाही ना, हेही त्यांनी विचारून घेतले.

टेबलावर त्यांनी आधी अगदी कमी प्रवाह सोडून दाखवला: तळव्यात मुंग्या आल्या आणि अंगठा माझी परवानगी न घेताच उडू लागला. दर सेकंदाला एक, असे पुरते झटके मी झोपल्यावरच सुरू झाले.

शुद्धीवर आले तेव्हा घसा खवखवत होता आणि पोटात भरलेल्या वायूमुळे उजव्या खांद्यात कळ होती. मळमळ एकदा दाटून आली आणि ओसरली. ओकारी झाली नाही. यात औषधांचा वाटा किती आणि झटक्यांचा किती, हे माझ्या एकटीवरून ठरवता येणार नाही. संध्याकाळी मी पेज प्यायले.

पुढे ताम्हिणी घाटात त्याच बिंदूवर स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहिले, तरी गाडी थांबवावीच लागली.