रोज संपेल असं काम

बुधवार, रात्री

पीएचडीच्या पहिल्या सहा महिन्यांत मन उडतं ते आळसामुळे नव्हे. एम.ए.ला सतत काही ना काही जमा करायचं असायचं, मार्क पडायचे. इथे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३, कमाल ६ वर्षं समोर, आणि आज काम झालं का, हे सांगणारं कुणी नाही. सल्लागार समितीपुढे उभं राहायचं ते सत्रातून एकदा. कोर्सवर्कच्या, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाच्या, किमान १२ क्रेडिट्सचा आधार वाटतो खरा, पण तो फसवा. उत्तीर्ण व्हायला लागणारे ५५ टक्के मिळतात आणि आपला विषय होता तिथेच राहतो.

तेव्हा रोज संपेल असं काम आपणच पाडून घ्यायचं. ‘लिटरेचर रिव्ह्यू’, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, हे काही एका दिवसाचं काम नव्हे. ‘एक पेपर, एक पान’ हे आहे. वर लेखकाचा प्रश्न, खाली साधनं, पद्धत, निष्कर्ष, प्रत्येकापुढे पान क्रमांक. तळाशी दोन ओळी: काय पटलं नाही आणि का. नेमक्या याच टाळल्या जातात, आणि सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) ‘संशोधनातील उणीव’ लिहिताना घोडं तिथेच पेंड खातं. पीडीएफ उतरवून फोल्डर भरण्याचं तर बोलूच नये. न वाचता वाचल्याचं समाधान! झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी पुस्तकं बहुधा हातानेच भरावी लागतात. ग्रंथालयातच शीर्षकपानाचा आणि त्यामागच्या पानाचा फोटो घ्यावा, नाहीतर एका आवृत्तीच्या सालासाठी पुन्हा दादर गाठा.

शोधगंगेवरचा (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला) अख्खा प्रबंध एवढ्यात वाचू नये, धास्ती बसते. आढाव्याचं प्रकरण आणि संदर्भसूची पुरे.

सकाळच्या चर्चगेट फास्टमध्ये उभ्याने वाचन होत नाही, हे एकदा मान्य करावं. काळा घोड्याला पुरालेखागारात जायचं तर तो दिवस तेवढ्याचाच. गाईडचं पत्र सोबत असावं. फाइल हाती येईपर्यंत त्या ‘पटलं नाही’च्या ओळी एकत्र उतरवाव्यात.

‘मन लागत नाही’ यात बरंचसं खोलीचं भाडं असतं. जेआरएफ ही संशोधनवृत्ती महिना ३७,००० रुपये, पण वेळेवर येईलच असं नाही. तीन महिन्यांचं भाडं बाजूला असलेलं बरं.

गाईडना पंधरा दिवसांनी भेटावं, दोन दिवस आधी एक पान मेल करून. ‘सर, थोडं वाचलंय’ म्हणत गेलं की ‘वाचा अजून’ एवढंच ऐकू येतं. कागदावर तीन प्रश्न असले की सर पेन काढतात. ठरलेलं त्याच संध्याकाळी चार ओळींत मेल करावं. पुढे कधीतरी ‘मी असं कधी म्हटलं?’ हे येतंच.