कटातला ब्रेड

रविवार, रात्रीचे साडेदहा.

ब्रेडवरून भांडण. तेही प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे चर्चमध्ये प्रभूची आठवण म्हणून ब्रेडचे तुकडे वाटतात त्या दिवशी.

चर्चमधून आले तर हे ओट्याशी उभे. मिसळीचं पार्सल फोडलेलं, आणि माझ्या स्टीलच्या डब्यातला ब्रेड कटात बुडवून खाणं चाललेलं. "पार्सलमधले स्लाइस संपले, हा दिसला." मी डबा हिसकावून घेतला. काय काय बोलले ते लिहीत नाही. गुडघ्याचं निमित्त काढून घरी बसता, हे त्यातलं सौम्य.

दुपारभर तेच डोक्यात. मला नेमकं लागलं काय? आपण प्रोटेस्टंट. भाकर ती भाकरच राहते, प्रभूची आठवण म्हणून घ्यायची, हे मीच रविवारच्या शाळेत पोरांना शिकवते. कॅथलिक मैत्रिणीच्या चर्चमध्ये उरलेलं पेटीत कुलूपबंद ठेवतात, जवळ दिवा तेवत असतो. आपल्याकडे कुठली पेटी! ब्रेडसुद्धा मिसळीबरोबर येतो तसलाच. १८५२ साली मिशनरी वाइल्डरसाहेब कोल्हापुरात आले तेव्हा स्लाइस कुठले मिळायला? बायबलात 'भाकर' म्हटलंय, तशी ज्वारीचीच मोडली असेल, कोण जाणे.

मग राग कसला? अकरा वर्षं, दर पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री मी कडा काढून तुकडे करत बसते. कुणाला ठाऊक तरी आहे का? सुरी अजून आईचीच. असो.

आणि नेमकं आजच पाळकसाहेबांनी बायबलातलं लेवीय १०:१० घेतलं होतं. पवित्र काय नि सामान्य काय, यांतला भेद ओळखा. अहरोन याजकाचे दोन मुलगे नुकतेच आगीत गेलेले आणि त्याच दिवशी त्याला हे सांगितलं जातं. मी पुढच्या बाकावर बसून मान डोलावत होते. घरी येऊन लगेच भेद करूनही दाखवला.

संध्याकाळी चष्म्यासाठी पर्स उघडली. आत दुसरा डबा. पांढरे चौकोनी तुकडे, प्रभुभोजनाचे, उरलेले.

म्हणजे ह्यांनी खाल्ल्या त्या काल रात्रीच्या कडा. ओट्यावरच राहिलेल्या. त्यांच्यावर कुणी प्रार्थनासुद्धा केली नव्हती. कटात बुडल्यावर कड काय नि तुकडा काय, सगळं लालच.

एकटीच हसले. मग पुन्हा तेच: पण ते तुकडे असते तर? बायबलात जखऱ्याच्या पुस्तकाच्या शेवटी आहे, यरुशलेमेतलं एकेक भांडं परमेश्वरासाठी पवित्र होईल, घोड्यांच्या घंटासुद्धा. कोल्हापुरातल्या कटाच्या पातेल्याबद्दल काही लिहिलेलं नाही. लहानपणी उपासना सुटली की पाळकीणबाई उरलेले तुकडे आम्हा पोरांच्या हातावर ठेवायच्या, आम्ही ढकलाढकली करून दोन-दोनदा घ्यायचो. तेव्हा कुणाला काही वाटलं नाही.

डबा फ्रिजमध्ये ठेवलाय, दुधाच्या पातेल्यामागे. ह्यांना अजून काही बोलले नाही. 'चुकलं' म्हणावं लागेल आणि ते वर्षभर ऐकवतील.

सकाळी चहाला दूध काढायला हेच उठतात. दुधामागे हात घालू नका, एवढं तरी झोपायच्या आत सांगायला हवं.