एल्ब्रुस की माँ ब्लाँ? खंडांच्या उच्चांकांविषयी

युरोपातील सर्वांत उंच शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत कधी माँ ब्लाँ तर कधी एल्ब्रुस असे दिलेले आढळते आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी त्यांपैकी एक पाठ करून पुढे जातात. दोन्ही पर्वतांच्या उंचीबद्दल फारसा वाद नाही. कॉकेशस पर्वतातील एल्ब्रुस ५,६४२ मीटर उंच आहे, तर आल्प्समधील माँ ब्लाँ साधारण ४,८०७ मीटर. वाद आहे तो युरोप कोठे संपतो याबद्दल.

युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नाही, त्यामुळे त्यांची सीमा माणसालाच आखावी लागली. प्राचीन ग्रीकांनी ती डॉन नदीवर मानली होती. अठराव्या शतकात रशियाचे वासिली तातिश्चेव आणि स्वीडनचे फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबर्ग यांनी ती उरल पर्वतावरून न्यावी असे मांडले आणि पुढे तेच रूढ झाले. उरल पर्वत, मग उरल नदी, मग कॅस्पियन समुद्र इथपर्यंत बहुतेकांचे एकमत असते. कॅस्पियनपासून काळ्या समुद्रापर्यंत मात्र दोन वाटा फुटतात. कॉकेशसची मुख्य जलविभाजक रेषा ही सीमा मानली, तर तिच्या थोडा उत्तरेला असलेला एल्ब्रुस युरोपात येतो. त्याहून उत्तरेकडील कुमा-मानिच या सखल पट्ट्यातून सीमा नेली, तर सगळा कॉकेशस आशियात जातो आणि मान माँ ब्लाँला मिळतो. आज गिर्यारोहक सहसा पहिली रेषा धरतात आणि मलाही तीच अधिक पटते, कारण पाणी कोणत्या बाजूला वाहते हे निदान जमिनीवर तपासता तरी येते.

माँ ब्लाँचा आकडा तर स्वतःच हलता आहे. त्याच्या माथ्यावर बर्फाची जाड टोपी असून वारा आणि हिमवर्षाव यांप्रमाणे ती वाढते किंवा झिजते. फ्रान्समधील सर्वेक्षक २००१ सालापासून साधारण दर दोन वर्षांनी तिची मोजणी करतात. २०२१ मध्ये ही उंची ४,८०७.८१ मीटर भरली आणि २०२३ मध्ये ४,८०५.५९. बर्फाखालचा खडकाचा माथा मात्र सुमारे ४,७९२ मीटरवरच आहे.

असाच घोळ ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत होतो, आणि तेथे त्याचे परिणाम गिर्यारोहकांच्या पायांना जाणवतात. मुख्य भूमीचा विचार केला, तर २,२२८ मीटरचा कॉझिअस्को हा सर्वोच्च ठरतो. आपल्या कळसूबाईपेक्षा तो जेमतेम ५८२ मीटरने उंच आहे आणि सामान्य पर्यटकही पायवाटेने त्याच्या माथ्यावर जाऊन येतात. न्यू गिनी बेटाचा समावेश केला, तर इंडोनेशियातील ४,८८४ मीटरचे पुंचाक जाया हे शिखर पुढे येते, जेथे उभ्या कातळावर दोर लावून चढावे लागते. सातही खंडांची सर्वोच्च शिखरे सर करण्याचा पराक्रम डिक बास यांनी १९८५ साली कॉझिअस्को धरून पूर्ण केला, तर पॅट मॉरो यांनी १९८६ साली पुंचाक जाया धरून. दुसऱ्या यादीचा आग्रह राइनहोल्ड मेसनर यांनीही धरला. भूशास्त्राचा कौल या दुसऱ्या यादीकडेच झुकतो, कारण ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी एकाच खंडमंचावर, म्हणजे समुद्राखाली पसरलेल्या खंडाच्या उथळ कडेवर, वसलेले असून हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली, तेव्हा आजच्या उथळ टोरेस सामुद्रधुनीच्या जागी कोरडी जमीन होती.

एव्हरेस्टबाबत सीमेचा प्रश्न नाही, पण मोजणी कोठून सुरू करायची हा प्रश्न तेथेही आहे. ब्रिटिश सर्वेक्षकांना नेपाळमध्ये प्रवेश नसल्यामुळे शंभराहून अधिक मैलांवरून घेतलेल्या निरीक्षणांच्या आधारे सर्वेक्षण विभागातील गणिती राधानाथ सिकदार यांनी गणित केले आणि १८५६ साली या शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर झाले. नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोन्हींत साधारण नऊ मीटरचाच फरक पडतो, याचे मला आजही नवल वाटते. पण हे सर्व समुद्रसपाटीपासून. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्यामुळे तेथील त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. त्यामुळे विषुववृत्तालगत असलेल्या इक्वेडोरमधील ६,२६३ मीटरच्या चिंबोरासोचा माथा पृथ्वीच्या केंद्रापासून एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षाही सुमारे दोन किलोमीटर दूर भरतो. समुद्रतळावरील पायथ्यापासून मोजल्यास हवाईचा मौना केआ दहा हजार मीटरच्या पुढे जातो.

खोलीचे आकडेही स्थिर नाहीत. मृत समुद्राचा किनारा आज समुद्रसपाटीखाली ४३० मीटरच्याही खाली आहे, मात्र जुन्या पुस्तकांत ३९० ते ४०० मीटरच्या आसपासचे आकडे दिसतात. ते आकडे त्या काळी बरोबरच होते. जॉर्डन नदीचे पाणी शेतीसाठी आणि पिण्यासाठी वळवले गेले, क्षार काढणाऱ्या उद्योगांनी बाष्पीभवनासाठी पाणी उचलले, आणि पातळी आता वर्षाला साधारण एक मीटर या वेगाने उतरते आहे. म्हणजे आशियाचा हा नीचांक दरवर्षी नव्याने घडतो. अंटार्क्टिकातील डेन्मन हिमनदीखालची घळ समुद्रसपाटीखाली सुमारे ३,५०० मीटरपर्यंत जात असल्याचे २०१९ साली जाहीर झालेल्या नकाशातून दिसले, पण ती बर्फाने भरलेली असल्यामुळे उघड्या जमिनीच्या यादीत तिला स्थान नाही.

तापमानाचे विक्रम तर नियमांवरच उभे असतात. अंटार्क्टिकातील व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी नोंदवलेले उणे ८९.२ अंश सेल्सिअस हे हवेचे तापमान आहे. उपग्रहांनी अंटार्क्टिकाच्या त्याच उंच पठारावर उणे ९० च्याही खाली आकडे टिपले, परंतु ते बर्फाच्या पृष्ठभागाचे असल्यामुळे या विक्रमात धरले जात नाहीत.

उष्णतेच्या विक्रमाची हकिकत याहून रंगतदार आहे. लिबियातील अल अझिझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदवलेले ५८ अंश तापमान सुमारे नव्वद वर्षे जगातील उच्चांक म्हणून छापले जात होते. जागतिक हवामान संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञांनी जुन्या नोंदवह्या तपासल्या, तेव्हा त्या सुमारास नवख्या निरीक्षकाने नोंदी घेतल्याचे आणि त्याने तापमापकातील दर्शकाचे (तापमान दाखवणाऱ्या सरकत्या खुणेचे) चुकीचे टोक वाचले असावे असे दिसून आले. फरक सुमारे सात अंशांचा होता. ही चौकशी सुरू असतानाच २०११ साली लिबियात उठाव झाला आणि समितीतील लिबियाच्या सदस्याशी काही महिने संपर्कच तुटला. अखेर २०१२ मध्ये हा विक्रम रद्द झाला आणि कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथील १० जुलै १९१३ ची ५६.७ अंशांची नोंद पहिल्या क्रमांकावर आली. या नोंदीवरही काही हवामानतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, परंतु संघटनेने ती अद्याप रद्द केलेली नाही.