सतारीच्या घरातली इलेक्ट्रिक गिटार

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. ‘मावशी, पैसे जमलेत. 35 हजार. तू येशील ना बरोबर?’

मी गेली अकरा वर्षं बडोद्यात नवरात्राच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवते. दिवसा एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम. घरी बाबांची मिरजेहून आणलेली सतार. बाबा इथल्या संगीत कॉलेजात शिकले, सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये मौलाबक्षांकडे सोपवलेल्या गायनशाळेतून जे उभं राहिलं तेच कॉलेज. तेव्हा वाद्य कसं पारखावं हे मी गिटारवर नाही, सतारीवर शिकले. भाच्यालाही तसंच दाखवायचं ठरवलं.

दुकानात शिरताच त्याची नजर एका निळ्या चकचकीत गिटारवर गेली. मी म्हटलं, ‘घे हातात, पण अँपला जोडायची नाही. दहा मिनिटं नुसतीच वाजव.’ त्याला ते विचित्र वाटलं, दुकानदारालाही. पण अँपचा, म्हणजे अॅम्प्लिफायरचा, आवाज खूप काही झाकतो. न जोडता वाजवली की कळतं, कुठला स्वर लांबतोय आणि कुठला लगेच विझतोय. हात लाकडावर ठेवला तर थरथर जाणवते की नाही तेही कळतं.

मग दांडी. सुतार फळी डोळ्याजवळ धरून बघतो, तशी खुंट्यांकडून घोडीकडे, म्हणजे तारा जिथे खाली टेकतात तिकडे, नजर टाकायची. दांडी किंचित, अगदी किंचित पुढे वाकलेली असायला हवी. पडदे म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबली, तर सातव्या-आठव्या पडद्याशी तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसली पाहिजे. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त वाकली असेल तरी बिघडत नाही, आतला लोखंडी दांडा, ट्रस रॉड, त्यासाठीच असतो. सहा तारांची मिळून ओढ 45 किलोच्या घरात जाते आणि हा दांडा ती पेलायला लाकडाला मदत करतो. पण दांडी पिळली असेल, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली, तर ट्रस रॉड काही करू शकत नाही. तो वाक काढतो, पीळ नाही.

हे मला पैसे घालवून कळलंय. 2009 साली मी पहिली गिटार घेतली, लालभडक. वरच्या पडद्यांवर तारा खरखरत होत्या. विकणारा म्हणाला, ‘बेन, सेटअप करावशो एटले बधुं सारुं थई जशे.’ सेटअप, म्हणजे दांडी आणि तारांची जुळवणी, करून घेतली की सगळं ठीक होईल. तीनदा सेटअप केला. दांडी पिळलेली होती. दोन वर्षं मी समजत राहिले की माझा हातच चांगला नाही. या गोष्टीचा राग मला अजून आहे, कारण शिकणारं पोर वाद्यावर कधी संशय घेत नाही, स्वतःवर घेतं. हलक्या प्रतीची गिटार स्वस्त पडते असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

निळ्या गिटारची दांडी ठीक होती, पण पडद्यांची टोकं बोटाला टोचत होती. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. घासून घेता येतात. त्याहून वाईट म्हणजे बाराव्या पडद्यापुढे बारीक तार ओढली की स्वर गुदमरत होता, म्हणजे पडदे एका पातळीत नव्हते. ती परत ठेवली.

भाचा बॉडीच्या लाकडाबद्दल विचारत राहिला, त्याने बरंच वाचलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: या किमतीत लाकडाच्या नावाला पैसे देऊ नकोस. तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये चुंबक असतं आणि केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार त्या चुंबकाच्या क्षेत्रात हलते, त्यातून वीज तयार होते, तीच अँपकडे जाते. लाकडाचा वाटा असेल थोडा. पण पडदे, नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी), खुंट्या आणि घोडी यांत कसर असेल तर कुठलंही लाकूड तिला वाचवत नाही.

पिकअपच्या बाबतीत मात्र मी हट्ट धरला. गरब्याच्या स्टेजवर डोक्यावर दिव्यांची रांग, बाजूला डिमर, खाली सगळीकडे वायरी. पहिल्या वर्षी माझ्याकडे सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याच्या, पिकअपची गिटार होती, 1954 मध्ये आलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची. घरी तिचा आवाज काचेसारखा स्वच्छ. स्टेजवर दिवे लागले आणि ‘घूंऽऽ’ सुरू झालं. मी सबंध आरतीभर अंग वळवून, गिटारचं तोंड फिरवून कमी घरघर होईल असा कोन शोधत उभी होते. सेथ लव्हर नावाच्या गिब्सनच्या इंजिनिअरने 1955 मध्ये याच दुखण्यावर उपाय काढला: दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे उलटे, चुंबकही उलटं. बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट येते आणि कटते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो. तो हंबकर. शेवटी भाच्याने जी दुसरी गिटार घेतली, तिला घोडीजवळ हंबकर आणि वर दोन सिंगल कॉइल आहेत. त्याच्या वयाला तेच बरं, दोन्ही चाखता येतात.

स्टेजवर वाजवणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट मी हात जोडून सांगते. गिटारच्या तारा वायरीमार्फत अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल आणि माईक दुसऱ्या लाइनवरून आला असेल, तर तारेवर हात आणि माईकला ओठ लागले की शॉक बसतो, आणि तो जीव घेऊ शकतो. मी गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून तार आणि माईकची जाळी यांच्यात मोजते. काटा शून्याजवळ नसेल तर लाइन बदलल्याशिवाय उभी राहत नाही. तीन पिनेच्या प्लगची तिसरी पिन कापून टाकणारे लोक मी बघितलेत. त्यांच्याशी मी भांडते.

गिटार घरी आणली, तेव्हा बाबा खुर्चीतच होते. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पडदे सरकत नाहीत? मग स्वर कसा लावता?’

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी घोडीवरचे स्क्रू दाखवले. सतारीत पडदा दोऱ्याने बांधलेला, स्वराप्रमाणे सरकवता येतो. गिटारचे पडदे ठोकलेले, म्हणून तारेची लांबी घोडीकडून बदलावी लागते. बाराव्या पडद्यावर हलकं बोट टेकवून येणारा स्वर आणि दाबून येणारा स्वर एकच हवा. दाबलेला चढा असेल तर घोडीचा ठोकळा मागे न्यायचा, उतरलेला असेल तर पुढे. बाबांनी डोळे मिटून सहाही तारा ऐकल्या. ट्यूनर, स्वर मोजणारं यंत्र, सगळं ठीक दाखवत होता. ते म्हणाले, ‘तिसरी चढी आहे.’ मी पुन्हा बघितलं, काटा केसभर उजवीकडे होता.

मग त्यांनी तार ओढून बघितली. ‘ही तर मींड,’ म्हणाले, सतारीवर तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात सरकतात ती, आणि पाच मिनिटं तेच करत बसले.

सांभाळण्याबद्दल भाच्याला मी फार सांगितलं नाही, पण बडोद्यात ते टाळून चालत नाही. घामाने तारा दोन आठवड्यांत काळ्या पडतात, म्हणून वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची. नवरात्रात मी दोनदा तारा बदलते. वर्षातून एकदा तारा काढून दांडीवरच्या शिसवी पट्टीवर लेमन ऑइलचे दोन थेंब, लगेच कोरडं फडकं. पॉलिश केलेल्या मेपलच्या पट्टीला तेल लावायचं नाही. तार नटमध्ये अडकून ‘टिंग’ वाजत असेल तर खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासावं.

पावसाळ्यात माझ्या गिटारची दांडी दरवर्षी थोडी पुढे वाकते आणि तारा उंच होतात. ट्रस रॉडला पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही, मग एक दिवस थांबायचं. किल्ली जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच थांबून जाणत्याकडे न्यायची.

2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ताईचं तळमजल्याचं घर भरलं. तिच्याकडे ठेवलेली माझी जुनी गिटार केससकट माळ्यावर टाकली होती. पाणी लागलं नाही, पण चार दिवसांनी केस उघडली तर आतलं मखमली कापड ओलसर, कुबट आणि घोडीचे स्क्रू तांबूस. तेव्हापासून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरते. आणि पावसाळ्यात गिटार बंद केसमध्ये नाही, आजोबांच्या शिसवी कपाटाशेजारी स्टँडवर, बाहेरच्या भिंतीपासून दूर.

भाचा रविवारी पहिल्यांदा स्वतः तारा बदलायला येतोय. जुन्या बनियनचे तुकडे घेऊन ये म्हटलंय, नवं फडकं नको, त्याचे धागे पडद्यांत अडकतात. बाबांनी सकाळीच विचारलं, किती वाजता येणार तो.